दवंडीत घातलेला शब्द

रोथांगा दिसायला अगदी काडी होता. फुंकर मारली तर उडेल असा. पण संध्याकाळी तो खडकावर चढून तोंडाशी हात धरायचा, तेव्हा थेइतलांग गावाच्या खालच्या ओढ्यावर पाणी भरणाऱ्या बायका पाण्याचे भोपळे खाली ठेवून ऐकत राहायच्या. म्हातारी माणसं म्हणत, देवाने याला मांस द्यायचं विसरून सगळा माल घशातच भरला.

आमच्या डोंगरात दवंडीवाल्याच्या हातात ढोल नसतो, थाळी नसते. फक्त घसा. गावच्या पंचांनी काय ठरवलं ते त्याने अंधार पडायच्या आत उंचावरून ओरडून सांगायचं. उद्या वाट साफ करायची आहे, घरटी एक माणूस यावं. रानडुकरं भातात शिरलीत, पोरांनी राखणीला जावं. बदल्यात सुगी झाली की प्रत्येक घरातून त्याला टोपलीभर भात मिळायचं. हे काम रोथांगाच्या आज्याने केलं, बापाने केलं, मग त्याच्याकडे आलं.

बाप थांगबुंगा मोठा खडूस माणूस. पोराला त्याने एकच गोष्ट शिकवली आणि ती शिकवताना दोनतीनदा कानफटवलंसुद्धा. "पदरचा शब्द घालायचा नाही," तो म्हणायचा. "मीठ जास्त झालं तर कालवण जातं, शब्द जास्त झाला तर गाव जातं. तू गावाचा घसा आहेस. घशाने विचार करायचा नसतो, कळलं का रे गाढवा?"

सगळ्यात जड दवंडी मयताची. ती कानावर पडली की गावातलं एकही माणूस शेताकडे जात नसे. तरण्या पोरांनी खड्डा खणायचा, बायकांनी लाकूडफाटा आणि मूठमूठ तांदूळ आणायचे, आणि मग कितीतरी संध्याकाळी सगळ्यांनी त्या घरात बसून गायचं, म्हणजे घरातली माणसं दुःखात एकटी पडत नाहीत. एका वर्षी ऐन कापणीत, भात कापून खाली पडलेलं आणि आभाळ भरून आलेलं असताना एक म्हातारा गेला. थांगबुंगाने हाक दिली. माणसं आभाळाकडे बघत विळे खाली ठेवून परत फिरली. रात्रभर पाऊस कोसळला, निम्म्या गावाचं भात जमिनीवरच उगवून आलं. तरी त्याबद्दल कुणी तोंडातून ब्र काढला नाही. म्हातारा कुणाचा फारसा लाडका होता असंही नाही. पण मयत ते मयत.

मग बांबूला फुलोरा आला. म्हाताऱ्यांना पुढचं ठाऊकच होतं. फळं खाऊन उंदीर माजले आणि एका रात्रीत उभी शेतं फस्त करायला लागले. गाव रानातले कंद उकरून खाऊ लागलं. त्याच उपासमारीत थांगबुंगा गेला आणि रोथांगा खडकावर चढला. खालून मैदानी मुलखातून सरकारी तांदूळ येणार, येणार अशी आवई रोज उठायची. पंचसुद्धा म्हणायचे, अरे, लोकांना धीर तरी दे. रोथांगा ऐकायचा नाही. पोती पाणवठ्यापर्यंत आलेली डोळ्यांनी बघितली तेव्हाच त्याने हाक दिली, आणि लोक खडकाकडे न बघता सरळ पाणवठ्याकडे पळत सुटले. रोथांगाने सांगितलं म्हणजे आहेच, असं त्या वर्षी गावाच्या हाडात बसलं.

त्या भुकेतूनच पुढचं सगळं निघालं. आम्ही तेव्हा आसामचा एक जिल्हा होतो. भुकेल्या जिल्ह्याकडे वेळेवर कुणी बघितलं नाही, मग पोरं बंदुका घेऊन जंगलात गेली, शिपाई डोंगर चढून आले, ऐजोल शहरावर विमानं बॉम्ब टाकून गेली. रोथांगाचं तोवर लग्न झालं होतं. बायको दारचिंगी, तोंडाने फटकळ आणि हाताने कामसू. मुलगी बियाकी. आमच्याकडे आईबापाला पोराच्या नावानेच हाक मारतात, तेव्हा गावचा दवंडीवाला सगळ्यांसाठी आता बियाकीचा बाप झाला होता.

सुगी नुकतीच संपली होती आणि कणग्या भरलेल्या होत्या, तेव्हा शिपाई थेइतलांगला आले. त्यांचा साहेब तरणा होता, डोळे जागून लाल झालेले. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, लोकांनी त्याचा प्रत्येक शब्द संशयाने तरी ऐकला असता. त्याने गावप्रमुख कापथुआमाकाकाला आणि रोथांगाला बोलावलं आणि दुभाष्यातर्फे हुकूम सांगितला. उद्या सकाळी सगळं गाव निघेल. मोठ्या रस्त्याकडेला कुंपण घालून जागा केली आहे, आसपासची सगळी गावं तिथेच राहतील, म्हणजे जंगलातल्या पोरांना घास देणारं कुणी उरणार नाही. पाठीवर मावेल तेवढंच घ्यायचं. मागे राहील ते जाळलं जाईल.

 कापथुआमाकाका म्हणाला, "आणि भात? घराघरात वर्षाचं भात आहे, साहेब."

साहेबाने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "भाताचं नंतर बघू," असं म्हणाला आणि पुढच्या कामाला लागला. दुभाष्याने ते जसंच्या तसं सांगितलं. रोथांगाने ते नीट ऐकलं. त्यात वचन काही नव्हतं, हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं.

तो खडकावर चढला. ऊन डोंगरामागे चाललं होतं. त्याने हुकूम सांगितला, घर जाळण्यापर्यंतचा, एक शब्द न गाळता. खाली आधी काहीच झालं नाही. मग एका घरातून रडणं उठलं, मग सगळीकडून. त्याला स्वतःचं दार दिसत होतं. बियाकी काखेत कोंबडी घट्ट धरून उभी होती, जणू आत्ताच कुणी तिला हिसकावणार होतं.

थानपारीमावशी खडकाच्या पायथ्याशी आली. विधवा बाई. उंदरांच्या सालापासून तिच्या कणगीने तळ सोडला नव्हता. त्या वर्षी पहिल्यांदा भात काठोकाठ आलं होतं. तिने मान वर करून विचारलं, "अरे बियाकीच्या बापा, भाताचं काय? भाताचं सांग की!"

रोथांगाने तिच्याकडे बघितलं. पाठीवर मावेल तेवढंच. या बाईच्या पाठीवर एक पोर, हाताला एक पोर. तिने भात न्यायचं कुठून आणि कसं?  आणि बापाने कानफटवून शिकवलेलं सगळं विसरून तो ओरडला, "भात राहू दे! चार दिवसांनी येऊन नेता येईल!"

बस, एवढंच. त्या वाक्याने गावाचा जीव भांड्यात पडला. त्याच्या हाकेत कधी खोट नव्हती, तेव्हा त्या वाक्यावर लोक घर बांधतील तसे विसंबले. कुणी भाताला हात लावला नाही. रात्रभर लोकांनी बांधाबांध केली ती भांड्यांची, मागांची, पांघरुणांची, बायबलची, डुकराच्या पिल्लांची. पलीकडच्या साईखोम गावालाही तोच हुकूम होता, पण तिथल्या दवंडीवाल्याला तेवढी दया आली नाही. त्याने हुकूम सांगितला आणि तो गप्प घरी गेला. साईखोमची माणसं त्याला शिव्या घालत रात्रभर भाताच्या टोपल्या पाठीवर घेऊन जंगलातल्या कपारीत लपवत राहिली.

सकाळी गाव निघालं. पहिल्या वळणाला पोहोचले तोच मागे धूर दिसला. घरं बांबूची, ती वाजत जळतात. पण भात पेटलं की आधी वेगळा वास येतो, लाह्या फोडल्यासारखा. बराच वेळ तो वास रांगेबरोबर चालत राहिला. रात्रीपासून पोटात काही नसलेली लहान पोरं आयांना विचारायला लागली, कोण गं लाह्या भाजतंय? बियाकीनेही विचारलं. दारचिंगीने तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं.

थानपारीमावशी रांगेतून बाहेर येऊन रोथांगासमोर उभी राहिली. "चार दिवस म्हणालास ना रे?"

 मागून कापथुआमाकाका म्हणाला, "साहेबाने फसवलं, बाई. याचा काय दोष?" आणि म्हाताऱ्याने हे जाणूनबुजून म्हटलं. कारण भाताबद्दल साहेब काय बोलला ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. रोथांगाला त्या क्षणी त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पण तो पाठीवरचं ओझं सावरून पुढे चालत राहिला.

ते पांघरूण फार टिकलं नाही. दुभाषाही रस्त्याकडेच्या त्या कुंपणातच राहायचा. भुकेने वैतागलेल्या लोकांनी एक दिवस त्याला घेरलं, साहेबाने असं का फसवलं म्हणून. तो बिचारा घाबरून म्हणाला, "साहेब तसं बोललाच नव्हता. नंतर बघू म्हणाला होता. विचारा तुमच्या काकाला." लोकांनी कापथुआमाकाकाला विचारलं. ख्रिस्ती देवळात पुढच्या बाकावर बसणाऱ्या माणसाला सगळ्यांसमोर खोटं बोलता येईना. साहेब खोटं बोलला असता तर लोकांनी सोसलं असतं, साहेबांकडून दुसरी अपेक्षा कुणाची होती? पण खोट आपल्या घशातून निघाली, हे कुणाला गिळवेना.

त्या जागेला आम्ही गोळागाव म्हणत असू. कितीतरी गावं एका टेकाडावर गोळा केलेली, भोवती टोकदार बांबूचं दुहेरी कुंपण, एक फाटक. सकाळी फाटक उघडायचं, ओळखपत्र दाखवून शेताची टोळी शिपायांबरोबर बाहेर जायची, दुपार कलायच्या आत परत. उशीर झाला की फाटक बंद. जवळपासची जमीन सगळ्या गावांना मिळून मूठभर. शिधा मिळायचा तो पोराच्या पोटालाही पुरेना. पाणी एका झऱ्याचं, त्यावर रांग आणि रांगेत भांडणं. जुलाबाची साथ आली ती गेलीच नाही. साईखोमची माणसं तेवढी जरा टवटवीत दिसायची. फाटकाबाहेर पडलं की त्यांच्यातलं कुणी ना कुणी कपारीकडे गुपचूप जाऊन येई. त्यांच्या वस्तीतून भात शिजल्याचा वास आला की थेइतलांगच्या वस्तीतल्या माणसांच्या माना रोथांगाच्या झोपडीकडे वळत. शिपायांना मात्र कुणी सांगितलं नाही. तेवढी लाज अजून शिल्लक होती.

दवंडी मात्र रोजचीच. उलट हुकूम इतके वाढले, की रोथांगाला आता दिवसाला दोनदा वस्तीतल्या उंचवट्यावर चढावं लागे. तो हाक द्यायला लागला की खालून आवाज यायचे. "काय रे, आज काय आणलंस? आभाळातून भात पडणार का उद्या?" दुसरा म्हणायचा, "चार दिवसांनी पडेल!" आणि लोक हसायचे. थानपारीमावशी हसायची नाही. तो चढताना दिसला की ती झोपडीत जाऊन ताटी लावून घ्यायची.

एकदा फाटकाशी मीठ वाटप होतं. मिठावाचून सगळ्यांची तोंडं पांढरी पडली होती. रोथांगाने जसं सांगितलं तशी हाक दिली, शब्दाला शब्द. थेइतलांगच्या वस्तीतून कुणी उठलं नाही. "आधी विचारून येऊ दे कुणाला तरी," असं म्हणत ते बसून राहिले. विचारणारा जाऊन येईपर्यंत मीठ संपलं. मग तेच लोक त्याच्यावर धावून आले. "खरं होतं तर नीट सांगता येत नव्हतं?"  खरी हाक आणि खोटी हाक एकाच घशातून येते, त्यात नीट काय करायचं?

घरी दारचिंगी सुरुवातीला त्याच्यावर खूप ओरडली. "दया आली होती ना? घे, खा आता ती दया! वाढू का पानात?" पण बियाकी अंथरुणाला खिळली तशी ती बोलायची थांबली. पोर आधी धावायची थांबली, मग चालायची, मग मागायची. खोल गेलेल्या डोळ्यांनी नुसती आईच्या हाताकडे बघत राहायची. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा आणि गोळ्या द्यायचा. गोळ्या पोटात राहायला पोटात काहीतरी असावं लागतं.

पेरणीच्या दिवसांत एका पहाटे बियाकी गेली. फाटक उघडायच्या जरा आधी.

त्या दिवसाचं महत्त्व वेगळं होतं. रान जाळून तयार केलेली शेतं बियाण्याची वाट बघत होती, पाऊस डोंगराच्या पलीकडे येऊन ठेपला होता, आणि थेइतलांगच्या टोळीबरोबर द्यायला शिपाई पुन्हा कधी मोकळे होतील याचा भरवसा नव्हता. आज पेरलं नाही तर पुढचं वर्षही शिध्यावर काढायचं, हे पोराटोरांनाही कळत होतं. फाटकाशी रांग लागली होती, कपाळाला ओझ्याचा पट्टा, पाठीवर बियाण्याची टोपली.

रोथांगा उंचवट्यावर चढला. तिथून त्याला ती रांग दिसली. तोंडाशी हात नेले, श्वास घेतला आणि घशात काही आलंच नाही. या माणसांचं भात मी जाळलं. आता हाक देऊन यांची पेरणीही जाळू? आणि हाक देऊनही कुणी आलं नाही तर? हे दुसरं भय पहिल्यापेक्षा मोठं होतं, हे त्याला स्वतःशी कबूल करावं लागलं. तो खाली उतरला.

दारचिंगी पोरीचे केस विंचरत होती. "हाक ऐकू आली नाही मला," ती म्हणाली.

"नाही दिली."

"का?"

"कुठल्या तोंडाने देऊ?"

तिने फणी खाली ठेवली. "मग काय, आपण दोघांनीच पुरायचं तिला? मेलेल्या कुत्र्याला पुरतात तसं? माझ्या पोरीने कुणाचं भात जाळलं रे? तिला गावाचं मयत मिळालं पाहिजे. जा. लाज वाटत असेल तर ती खाली ठेवून जा. पण जा."

तो पुन्हा चढला. या वेळी आवाज निघाला, फाटका, पण निघाला. "थेइतलांगच्या माणसांनो! बियाकी गेली. आज गावात मयत आहे!" एवढंच. रांगेतल्या प्रत्येकाने ते ऐकलं. खोटं असेल असं त्या दिवशी कुणीही म्हटलं नाही.

रांग हलली नाही. माणसं एकमेकांकडे बघत नव्हती, आभाळाकडे बघत होती. कापथुआमाकाकाने कपाळावरचा पट्टा काढायला हात वर नेला आणि तो तसाच राहिला. मागून कुणी बाई दबक्या आवाजात म्हणाली, "माझी दोन अजून जिवंत आहेत हो." तेवढ्यात फाटक उघडलं. शिपायाने चला, चला केलं. पुढचा माणूस एक पाऊल पुढे गेला, मग त्याच्या मागचा. मयताची हाक ऐकून थेइतलांग शेतावर गेलं. आज्याच्या, पणज्याच्या काळात कधी असं घडलं नव्हतं. खालमानेने गेलं. कापथुआमाकाकाही गेला.

रोथांगा उंचवट्यावर उभा राहून सगळे जाईपर्यंत बघत राहिला. त्याला राग आला नाही. राग येण्याइतकाही हक्क आपल्याकडे उरलेला नाही, असं त्याला वाटलं, आणि हेच त्या सकाळचं सगळ्यात वाईट होतं.

तो खाली आला तेव्हा झोपडीपुढे थानपारीमावशी उभी होती. हातात कुदळ. टोपली दारात उतरवून ठेवलेली, बियाणं तसंच आत.

"तुझ्यासाठी आले नाही मी," ती म्हणाली. "पोरीसाठी आले. कुठे खणायचं ते दाखव."

आमच्याकडे बायका खड्डा खणत नाहीत. त्या दिवशी दोन बायका आणि एक पुरुष यांनी खणला. कुंपणाच्या आतल्या अंगाला, शिपायांनी दाखवलेल्या तुकड्यात. जमीन दगडी होती. मावशी मध्येच थांबून दम खायची आणि मग पुन्हा खणायची. एकदा ती कुदळीवर रेलून म्हणाली, "मी खालून ओरडले नसते तर तू तो शब्द घातला नसतास, नाही का रे?" रोथांगा म्हणाला, "घातला असता. कुणाचं तरी तोंड बघून घातलाच असता." ती पुन्हा खणायला लागली. पेटी मिळाली नाही. दारचिंगीने आपल्या लग्नातलं विणलेलं वस्त्र गुंडाळलं.

संध्याकाळी टोळी परतली. पाऊस पडला होता, पेरणी झाली होती. अंधार पडायच्या आधी एकेक करून माणसं रोथांगाच्या झोपडीत येऊन बसली. झोपडीत मावेनात इतकी आली. मयताच्या घरी गायचं असतं, कुणीतरी आधी सुरू करायचं असतं. कुणालाच सुरू करता येईना. कापथुआमाकाकाने दोनदा घसा साफ केला. शेवटी ते सगळे तसेच बसून राहिले, आणि चुलीतलं लाकूड विझल्यावर उठून गेले. दुसऱ्या दिवशीपासून रोथांगाची कुणी टिंगल केली नाही. कुणी नजरही मिळवली नाही. आता दोन्हीकडची फिट्टंफाट झाली असं बोलायला सोपं आहे. तसं काही नसतं. आधी एक माणूस खाली मान घालून चालायचा, आता सगळी वस्ती चालायला लागली.

काही वर्षांनी जिल्ह्याचा केंद्रशासित प्रदेश झाला. नव्या साहेबाने रोथांगाला बोलावून सांगितलं, दवंडी दे, आता तुमचं स्वतःचं सरकार, स्वतःचं नाव, मैदानात सभा आहे, चहा आहे. त्याने दिली. लोक गेले, चहा पिऊन आले. कुंपण होतं तिथेच होतं.

मग त्याच साहेबाकडून आणखी एक हुकूम आला. ज्यांना आपल्या जुन्या गावी परतायचं आहे त्यांनी खुशाल जावं. रोथांगाने तो ऐकून घेतला आणि म्हणाला, "ही दवंडी मी आज देणार नाही."

साहेब चक्रावला. "अरे, चांगली बातमी आहे ही!"

"म्हणूनच. आधी बघून येतो."

परवाना घेऊन तो एकटा चालत गेला. वाट रानाने गिळली होती, कोयत्याने तोडत जावं लागलं. थेइतलांगवर माणसाच्या उंचीचं गवत होतं. घरांचे जळके खांब कुठे कुठे उभे होते. झरा वाहत होता. त्याने ओंजळीने पाणी पिऊन पाहिलं. वाटेत कुणी अडवलं नाही, येताना कुणी हटकलं नाही. परत येऊन त्याने हाक दिली, "गावी जायला मोकळीक आहे. मी जाऊन आलो. घरं नाहीत. पाणी आहे." आणि थोडं थांबून, "नेण्यासारखं तिथे काही उरलेलं नाही. सगळं इथूनच न्यायचं."

कुणी दुसऱ्या कुणाला विचारायला गेलं नाही. त्याच संध्याकाळी बांधाबांध सुरू झाली. खाली टोपल्या भरल्या जाताना बघून रोथांगाच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांनी ऐकलं होतं. इतक्या वर्षांनी ऐकलं होतं.

तो घरी आला आणि दारचिंगीला म्हणाला, "आपणही बांधायला घेऊ."

ती चुलीपाशी होती. "तू जा," ती म्हणाली. "गावाला दवंडीवाला लागतो. मी पोरीला कुंपणात एकटी सोडून यायची नाही. हाक दिली तेव्हा कुणी आलं नाही, आता तिच्याजवळून आईनेही उठून जायचं का?"

रोथांगा उंबऱ्यात बसला. ज्या गावाने आपलं पुन्हा ऐकावं म्हणून तो इतकी वर्षं जगला, ते गाव उद्या निघणार होतं. मग त्याने भिंतीला टेकवून ठेवलेली रिकामी टोपली उचलून परत आढ्याला टांगली.

सकाळी थेइतलांग निघालं. फाटकाशी थानपारीमावशी थांबली. आता ती म्हातारी झाली होती, ओझं तिच्या मुलाच्या पाठीवर होतं. "तुझ्या हाकेवर निघालो आम्ही सगळे," ती म्हणाली, "आणि तूच मागे? अरे, गावात मयत झालं तर हाक कोण देणार?"

"ज्याच्या घरी मयत होईल तो देईल," रोथांगा म्हणाला. "मी दिली तशी."

मावशीच्या आजूबाजूची माणसं थांबली होती. कापथुआमाकाका होता, रांगेत त्या दिवशी दबक्या आवाजात बोललेली बाई होती. तो हे चिडून बोलला नव्हता. पण ते शब्द बरोबर घेऊनच सगळे उतारावर लागले.

पुढे प्रदेशाचं राज्य झालं. थेइतलांगला रस्ता गेला, वीज गेली, देवळावर भोंगा बसला. सभा, लसीकरण, मतदान, सगळं भोंग्यावरून सांगतात. मयत मात्र नाही. ज्याचं माणूस गेलं तो स्वतः खडकावर चढतो, आवाज फुटत नसला तरी चढतो, नाव सांगतो आणि उतरतो. ती हाक ऐकून आजवर तिथलं कुणीही शेतावर गेलेलं नाही.